अ‍ॅम्बॅसडरचा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना

आमच्या अ‍ॅम्बॅसडरचा पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारा छोटा स्विच, बसायचा तो नेमका पुण्यातल्या नळ स्टॉपला. सिग्नल सुटला, क्लच सोडला की गाडी दोन आचके द्यायची आणि मागचे सगळे हॉर्नवर हात ठेवून उभे. बाबा शांतपणे उतरायचे, बॉनेट वर करायचे, डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्याची, कॅप काढून काडेपेटीची खरखरीत बाजू पॉइंटमध्ये घालायचे, दोनदा घासायचे आणि गाडी घरापर्यंत यायची. गाडी १९८३ची, मार्क ४, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, बाबांनी सरकारी लिलावात घेतलेली. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मला वेळ मिळाला, पण भर रस्त्यात काडेपेटी घेऊन बॉनेटमध्ये वाकणं काही जमेना. म्हणून दोन वर्षांपूर्वी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. पहिलं किट जळलं, दुसरं अजून चालू आहे. कसं बसवायचं ते लिहिते, आणि पहिलं कसं जळलं तेही.

आधी एक अट. गाडी पॉइंटवर नीट चालत नसेल तर किट आणू नका. आधी नवा पॉइंट, नवा कंडेन्सर टाका, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायचा नेमका क्षण, लावा आणि महिनाभर चालवा. गाडी मिसिंग मारते म्हणून थेट किट बसवलं आणि तरी मारतच राहिली, तर दोष जुना की नवा हे कोणालाच सांगता येत नाही. मग मिस्त्री किटला शिव्या देतो, किटवाला गाडीला देतो, आणि तुम्ही रिक्षाने घरी जाता. मी हा महिना पाळला. त्यात कळलं की माझ्या गाडीची अर्धी तक्रार पॉइंटची नव्हतीच, तडा गेलेल्या कॅपची होती. रात्री पार्किंगमधला दिवा बंद करून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं तर कॅपच्या अंगावरून निळसर रेघ पळताना दिसली. पावसाळ्यात गाडी का रुसायची ते तिथे समजलं. कोणतंही किट ती रेघ थांबवत नाही, उलट ठिणगी कणखर असेल तर ती रेघही जास्त जोमाने पळते.

पॉइंट करतो काय, हे दोन मिनिटांत समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पॉइंट हा एक स्विच आहे. कॉइलच्या पोटात दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारख्या तारेची, हजारो वेढ्यांची. पॉइंट मिटलेला असतो तोवर बॅटरीचा करंट जाड गुंडाळीतून वाहतो आणि कॉइल चुंबक बनते. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरचा चार कोपऱ्यांचा कॅम फिरत येतो, पॉइंट उघडतो, करंट तुटतो. चुंबकत्व एकाएकी कोसळतं आणि बारीक गुंडाळीत वीसेक हजार व्होल्ट उभे राहतात. ते कॅपखाली फिरणाऱ्या रोटरमार्फत ज्याची पाळी त्या प्लगला जातात. कंडेन्सर पॉइंटच्या तोंडावर होणारी ठिणगी गिळतो. चार्ल्स केटरिंगची ही युक्ती १९१०च्या सुमारास कॅडिलॅकमध्ये आली आणि आमच्या गाडीत ती जशीच्या तशी होती.

आता हिशेब करा. इंजिन ३००० आरपीएमला असताना चार सिलिंडरना मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००. तो एवढासा पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करतो आणि दर वेळी तीन-चार अँपिअर तोडतो. त्याची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते. टाच झिजली की गॅप कमी होते, गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे पडतं. गाडी चढाला ओढत नाही, तापते, पेट्रोल जास्त पिते. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. शिवाय तोंडावर एका बाजूला खड्डा आणि समोर त्याच मापाचं टेंगूळ तयार होतं. असा पॉइंट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, मोजला तर पट्टी टेंगळावर टेकते आणि माप खोटं येतं.

इलेक्ट्रॉनिक किट फक्त या स्विचच्या जागी बसतं. कॉइल, कॅप, रोटर, वायरी, टायमिंग पुढे-मागे करणारी आतली वजनं आणि व्हॅक्यूमची डबी, सगळं तेच राहतं. इंजिनची ताकद वाढत नाही. बसवल्यावर पिकअप वाढल्यासारखा वाटतो खरा, पण तो मूळचाच, झिजलेल्या टाचेबरोबर गेलेला.

किट घेण्याआधी आपला डिस्ट्रिब्युटर कोणता ते बघा. माझ्या गाडीवर लुकासचा २५डी४ आहे. हे इंजिन मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी सिरीज, त्यामुळे हाच डिस्ट्रिब्युटर इंग्लंडमध्ये एमजीबी या स्पोर्ट्स कारवर होता, आणि मॉरिस मायनर, मिनीवरही. म्हणून किट शोधताना अ‍ॅम्बॅसडरच्या नावाने हात हलवत परत याल, एमजीबीच्या नावाने शोधलं तर पर्याय सापडतात. पण आधी स्वतःच्या गाडीची कॅप काढा आणि बॉडीवर ठोकलेला नंबर वाचा. चाळीस वर्षांत कोणत्या मिस्त्रीने कोणता डिस्ट्रिब्युटर चढवला असेल याचा नेम नाही. ४५डी४ दिसायला भाऊ असला तरी त्याचं किट वेगळं. पद्मिनीवाल्यांनीही हेच करावं: आपल्या डिस्ट्रिब्युटरचा नंबर वाचावा आणि त्याचंच किट घ्यावं. पुढची रीत बहुतेक सारखीच आहे.

दुसरं, अर्थ कोणता ते बघा. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला बांधलंय? माझ्या गाडीला निगेटिव्ह आहे. पन्नास-साठच्या दशकांतल्या ब्रिटिश वळणाच्या गाड्या बहुधा पॉझिटिव्ह अर्थच्या असतात. त्यांना निगेटिव्ह अर्थचं किट लावलंत तर चावी फिरवल्या क्षणी ते संपेल. पॉझिटिव्ह अर्थचं किट वेगळं मिळतं, तेच घ्या. किटसाठी अख्ख्या गाडीची उलटापालट करू नका.

किटांचे प्रकार थोडक्यात. एका प्रकारात पॉइंट राहतो, पण त्याच्यावरून अगदी थोडा करंट जातो आणि मोठा करंट बाहेरच्या डबीतला ट्रान्झिस्टर तोडतो. तोंड जळत नाही, टाच मात्र झिजतेच. दुसऱ्यात इन्फ्रारेडचा किरण आणि तो कापणारी चकती असते. इंग्लंडचं ल्युमेनिशन त्यासाठी प्रसिद्ध. तिसरा प्रकार मी निवडला. कॅमवर चुंबकांची कडी बसते, पॉइंटच्या जागी छोटं मॉड्युल, आणि त्यातला हॉल सेन्सर चुंबक समोरून गेला की स्विच करतो. अमेरिकेच्या परट्रॉनिक्सचं इग्नायटर याच जातीचं. सगळं कॅपच्या आत राहतं, बाहेर फक्त दोन वायरी येतात आणि बॉनेट उघडलं तरी गाडी मूळची दिसते. मला ते महत्त्वाचं होतं. आमच्या सोसायटीत बॉनेट उघडलं की किमान तिघे जण येऊन आत डोकावतात आणि चौथा ‘विकता का?’ विचारतो.

आता कॉइल. इथे चूक केली तर किट महिन्याभरात जातं. कॉइलच्या दोन्ही वायरी काढा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन टर्मिनलांमध्ये मोजा. माझी ३.१ ओहम आली, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ४ अँपिअर. असल्या किटला हेच मानवतं. नाना पेठेत रोटर आणायला गेले तेव्हा एका दुकानात मला ‘स्पोर्ट्स कॉइल’ आग्रहाने दिली, ‘इलेक्ट्रॉनिकला हीच लागते मॅडम.’ घरी मोजली तर दीड ओहम. म्हणजे दुप्पट, ८ अँपिअर. मॉड्युल त्यासाठी बनलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी परत केली, तो बिचारा पैसे द्यायला कुरकुरला, पण दिले. तर मीटर घेऊनच दुकानात जा.

काही गाड्यांत कॉइलच्या आधी एक रोधक असतो, त्याला बॅलास्ट म्हणतात. तो आहे का हे ओळखायला पॉइंट मिटलेला असताना चावी चालू करून कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर व्होल्ट मोजा. बाराच्या आसपास असतील तर बॅलास्ट नाही. सहा ते आठ असतील तर आहे, आणि मग मॉड्युलची लाल वायर बॅलास्टच्या अलीकडून, पूर्ण १२ व्होल्टवरून घ्यावी लागेल. मोजलं की चावी लगेच बंद.

डिस्ट्रिब्युटरची तब्येतही बघून घ्या. कॅप काढा, रोटर काढा, वरचा दांडा चिमटीत धरून आडवा हलवा. लटपटत असेल तर बुश गेलेत. पॉइंटवर अशा दांड्याने गॅप नाचते. हॉल सेन्सरला तेवढा त्रास होत नाही, पण टायमिंग थोडं डुलतंच, आणि फार ढिला असेल तर कडी मॉड्युलवर घासेल. मग दांडा उजवा-डावा फिरवा. थोडा फिरून स्प्रिंगने परत आला पाहिजे. नाही आला तर खालची वजनं गंजली आहेत. दांड्याच्या डोक्यावर, रोटरच्या खाली एक स्क्रू दिसतो, त्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा, ते आपोआप आत उतरतात. शेवटी व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून काढा आणि तोंडाने ओढा. होय, तोंडाने, पुसून घेऊन. पॉइंट जिच्यावर बसतो ती आतली प्लेट सरकलेली दिसली पाहिजे आणि जीभ नळीच्या टोकावर ठेवली तर ओढ टिकली पाहिजे. माझ्या डबीचा पडदा फाटलेला निघाला. वीस वर्षं फाटका असावा.

प्लगच्या वायरी शुद्ध तांब्याच्या असतील तर बदला. त्यांच्यातून निघणारा खरखराट मॉड्युलला भ्रमात टाकतो. कार्बनच्या, रोध असलेल्या वायरी घ्या. रोटरही नवा घ्या, पण डोक्यावर ठळक रिव्हेट असलेला स्वस्त रोटर नको. त्या रिव्हेटमधून ठिणगी खाली दांड्यात उतरते आणि गाडी कारण नसताना मरते. बाकी सामान थोडं: बारीक आणि मध्यम स्क्रू ड्रायव्हर, वायरींची टर्मिनलं, चिमटा, आणि टायमिंग बघायचा लुकलुकणारा दिवा, म्हणजे स्ट्रोब लाइट. टर्मिनल आणि स्लीव्ह मी तापकीर गल्लीतून आणल्या. फिलर गेज लागेल, तीही पहिल्याच दिवशी नाही.

आता प्रत्यक्ष काम. डिस्ट्रिब्युटर इंजिनातून काढू नका. टेबलावर काम सोयीचं होतं हे खरं, पण पुन्हा बसवताना दात चुकला तर संध्याकाळ गेली. जागेवरच करा. बॅटरीचा अर्थ सोडा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बंपरच्या भोकातून हँडल घाला आणि इंजिन हळू फिरवत रोटर एक नंबरच्या वायरीच्या टर्मिनलकडे आणा. एक नंबर म्हणजे रेडिएटरच्या बाजूचा. हँडल फिरवताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा आवळू नका. बाबांनी गाडीबद्दल मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. हँडल उलटं मारलं तर अंगठा जातो. चावी काढलेली असली तरी ही सवय मोडू नये.

फोटो काढा. वरून, बाजूने, वायरींचे रंग दिसतील असे. मग दोन्ही क्लिपा सोडून कॅप बाजूला, रोटर सरळ वर ओढून काढा. पॉइंटच्या खांबावरचा छोटा नट सोडा. त्याखाली एक प्लॅस्टिकचा टोपीसारखा वॉशर असतो, कंडेन्सरची आणि बाहेरून आलेली अशा दोन वायरी असतात. कशावर काय होतं ते लक्षात ठेवा, कारण हा पॉइंट पुन्हा लागणार आहे. पॉइंटचा मोठा स्क्रू काढताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावा, स्क्रू चिकटून वर येतो. माझा पहिला स्क्रू प्लेटच्या भोकातून थेट वजनांमध्ये गेला. तो काढायला शिवणाच्या डब्यातला चुंबक दोऱ्याला बांधून सोडला, पाऊण तास. खाली स्क्रू पडलेला असताना इंजिन अजिबात फिरवू नका.

कंडेन्सरही काढा. त्याच्या जवळपास एक विणलेली, कापसासारखी मऊ वायर प्लेटपासून बॉडीला गेलेली दिसेल. ती अर्थची. प्लेट व्हॅक्यूमने सरकते म्हणून ही वायर लागते, आणि हीच लोक फेकून देतात. ती तुटकी असेल तर पॉइंटवरही गाडी अधूनमधून मरते आणि किटवर तर हमखास. माझ्या वायरीचे निम्मे धागे तुटलेले होते, नवी लावून घेतली. बाहेर जाणारी जुनी वायर तिच्या खाचेतल्या नायलॉनच्या ठोकळ्यासकट बाजूला ओढून काढा.

प्लेट स्वच्छ पुसा. जुनं ग्रीस राहिलं तर मॉड्युलची पाठ नीट टेकत नाही आणि उष्णता प्लेटमध्ये उतरत नाही. किटबरोबर पांढऱ्या पेस्टची पुडी आली असेल तर तिचा पातळ हात मॉड्युलखाली द्या. मॉड्युल पॉइंटच्याच भोकांवर बसतं. त्याच्या दोन वायरी जुन्या खाचेतून रबरी तुकड्यासकट बाहेर काढा. आत वायर इतकीच ढिली ठेवा की व्हॅक्यूमने प्लेट सरकली तर ताणणार नाही, आणि इतकीही नाही की फिरणाऱ्या कडीला लागेल. पुन्हा नळी तोंडाने ओढून प्लेट सरकवून पाहा. कंटाळा वाटला तरी पाहाच.

चुंबकाची कडी कॅमवर घाला. आतून ती कॅमच्या कोपऱ्यांवर बसते, थोडी फिरवली की जागा सापडते, मग दोन्ही अंगठ्यांनी सारख्या दाबाने तळापर्यंत. वाकडी बसली तर फुटते. माझ्या किटबरोबर प्लॅस्टिकची पट्टी आली होती, ०.७५ मिमी जाडीची. कडी आणि मॉड्युलच्या मध्ये ती घालून मॉड्युलचा स्क्रू आवळायचा. पट्टी काढून इंजिन हँडलने दोन फेरे फिरवा आणि चारही बाजूंना फट राहते का बघा.

रोटर लावा. कडीमुळे तो आधीपेक्षा केसभर उंच बसू शकतो. कॅपच्या आतल्या मधल्या कार्बनला दाब बसायला हवा, पण रोटर कॅपच्या पितळी टर्मिनलांना घासता कामा नये. खात्री करायला मी टर्मिनलांवर आतून खडू लावला, कॅप बसवली, हँडल फिरवलं, कॅप काढली. खडू पुसला गेला नव्हता.

वायरी जोडणं सोपं: लाल कॉइलच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. चावीकडून आलेली मूळ वायर पॉझिटिव्हवर आहे तशी राहू द्या. डिस्ट्रिब्युटरकडून निगेटिव्हला येणारी जुनी वायर मात्र निघाली पाहिजे. उलटं जोडलं तर किट गेलं, दुसरी संधी नाही. मी बॅटरी जोडण्याआधी खालच्या मजल्यावरच्या मुलाला बोलावून रंग मोठ्याने वाचायला लावले. त्याला वाटलं काकूंची नजर गेली.

पहिलं किट इथपर्यंत अगदी सुरळीत बसलं होतं. गाडी अर्ध्या सेल्फला सुरू झाली. इंजिन बंद केलं, आणि कॉइलवर व्होल्ट मोजावेत म्हणून चावी पुन्हा चालू केली. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिच्या सुनेचं काहीतरी चाललं होतं, वीस-पंचवीस मिनिटं गेली. परत आले तेव्हा कॉइलला हात लावला आणि चटकन मागे घेतला, इस्त्रीसारखी तापलेली. इंजिन नेमकं अशा जागी थांबलं होतं की मॉड्युल चालू स्थितीत होतं आणि चार अँपिअर अखंड वाहत राहिले. कॉइल वाचली, मॉड्युल गेलं. किटबरोबरच्या कागदावर दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका. पॉइंटवरही हे वाईटच असतं, पण पॉइंट तोंड काळं करून निभावून नेतो. आता मी चावीला लाल रिबीन बांधली आहे. लटकताना दिसली की कळतं.

मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘ताई, पॉइंट बिघडला तर टपरीवर काडेपेटी मिळते. हे मिळतं का टपरीवर?’ त्यांचं म्हणणं मी पुढे वापरलं.

टायमिंग. जुन्या खुणेवर विसंबू नका. मॉड्युल पॉइंटच्या नेमक्या त्याच क्षणी स्विच करत नाही, काही डिग्रींचा फरक पडतो. इंजिन सुरू होईल, पण तेवढ्यावर थांबू नका. क्रँकच्या पुलीवर खाच असते आणि टायमिंग कव्हरवर दाते असतात. सगळ्यात लांब दाता टीडीसीचा, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाचा, बाकीचे पाच-पाच डिग्रींचे. खाचेत आणि दात्यांवर पांढरा रंग भरा, मी नखांच्या ब्रशने टूथपेस्टसारखा घट्ट ऑइलपेंट भरला. इंजिन तापू द्या, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बोटाने किंवा स्क्रूने बंद करा, स्ट्रोबचा चिमटा एक नंबरच्या वायरीला लावा. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर तसूभर फिरवायचा. या इंजिनात रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जातं. ठिणगीचा क्रम १-३-४-२. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. स्ट्रोबच्या उजेडात खाच एका जागी खिळल्यासारखी उभी राहिली पाहिजे. पॉइंटवर माझी खाच दोन दात्यांच्या मध्ये थरथरायची. नव्या मॉड्युलवर ती थांबली ते पाहताना मी खरंच ‘अगं बाई’ म्हणाले. पंख्यापासून साडीचा पदर, ओढणी, बांगड्या लांब ठेवा. स्ट्रोबमध्ये पंखाही थांबलेला दिसतो आणि हात आपोआप पुढे जातो.

बारीक फरकासाठी २५डी४ला व्हॅक्यूमच्या डबीशेजारी दातेरी नट असतो, शेजारी ‘ए’ आणि ‘आर’ कोरलेलं. ‘ए’ म्हणजे पुढे, ‘आर’ म्हणजे मागे. सुमारे अकरा कटकट म्हणजे एक डिग्री. हा नट मला फार आवडतो. पार्किंगमध्ये लावलेलं टायमिंग घाटात चुकीचं निघतं, तेव्हा कोणतंही हत्यार न काढता बोटांनी सुधारता येतं.

म्हणून शेवटची परीक्षा घाटात. मी दिवे घाट घेते, सकाळी सहाच्या आत, आणि पालखीच्या दिवसांत अर्थातच नाही. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून चढवायची, खिडक्या खाली, रेडिओ बंद. इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा टकटक आवाज आला तर टायमिंग जास्त पुढे आहे, बाजूला थांबून ‘आर’कडे दहा-अकरा कटकटी. आवाज नाही पण गाडी मरगळलेली असेल तर ‘ए’कडे. माझी दोनदा थांबवावी लागली. सासवडला चहा घेऊन परतताना तिसऱ्यांदा काही करावं लागलं नाही. पाचशे किलोमीटरनंतर क्लॅम्पचा बोल्ट, मॉड्युलचा स्क्रू आणि कॉइलची टर्मिनलं एकदा आवळून घ्या. प्लगची गॅप मी ०.६ मिमीच ठेवली आहे. कॉइल जुनीच असताना ती वाढवून काही मिळत नाही.

काही गोष्टी नव्याने सांभाळाव्या लागतात. दुसऱ्या गाडीवरून बॅटरीला करंट देताना केबल उलट लागली तर मॉड्युल जातं, म्हणून ते काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि मॉड्युलच्या दोन्ही वायरी सोडा. आणि बॅटरी मरगळली असेल तर सेल्फ इंजिन फिरवतो पण ठिणगी येत नाही, कारण सेल्फ मारताना व्होल्ट इतके खाली जातात की मॉड्युल जागं होत नाही. पॉइंट अशा वेळी जेमतेम का होईना ठिणगी द्यायचा. तेव्हा बॅटरीची टर्मिनलं पांढरी होऊ देऊ नका.

आता मिस्त्रींच्या टपरीचा प्रश्न. जुना पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांची वायर मी टाकली नाही. नवीन पॉइंट आणून आधी गाडीवर बसवला, गॅप ०.३५ ते ०.४० मिमीच्या मध्ये ठेवून जागेवरच्या स्थितीची स्क्रॅचने खूण केली, आणि मग काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. बरोबर दोन जास्तीचे स्क्रू, प्लॅस्टिकची टोपी, बारीक स्क्रू ड्रायव्हर, पोलिश पेपरची पट्टी, छोटा टॉर्च, आणि कुठली वायर कुठे याचं माझ्याच अक्षरातलं चित्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत. डबा ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो. किट रस्त्यात गेलंच तर मॉड्युल आणि कडी काढायची, पॉइंट खुणेवर बसवायचा, कॉइलच्या निगेटिव्हला जुनी वायर जोडायची आणि टायमिंगसाठी डिस्ट्रिब्युटर रंगाने केलेल्या जुन्या खुणेवर परत फिरवायचा. ही खूण किट बसवण्याआधीच करून ठेवा, नंतर आठवत नाही. मी हे एकदा रात्री पार्किंगमध्ये, फक्त छोट्या टॉर्चच्या उजेडात, घड्याळ लावून केलं. बत्तीस मिनिटं लागली. त्यातली दहा तो प्लॅस्टिकचा टोपीसारखा वॉशर शोधण्यात गेली, तेव्हापासून डब्यात तसले तीन ठेवलेत.